तुम्ही विचारलंत म्हणून: पंखांतलं पाणी

ग्लायडरच्या स्पर्धांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: "पाणी भरलं की ग्लायडर वेगात जातं म्हणता, मग काही स्पर्धांत पाण्याला बंदी का?"

आधी पाणी कशाला ते सांगते. बिनइंजिनाचं विमान मुद्दाम जड करायचं, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण ठरावीक उंचीवरून ग्लायडर जेवढं लांब तरंगत जातं, ते अंतर वजन वाढलं तरी जवळजवळ तेवढंच राहतं. ते कापलं मात्र जास्त वेगाने जातं. पायलटसकट ३५० किलोचं ग्लायडर पंखांतल्या टाक्या भरून ५२५ किलोंवर नेलं (स्पर्धांतल्या स्टँडर्ड क्लास या वर्गाची मर्यादा तेवढीच आहे), तर ताशी ९० किलोमीटरऐवजी ११० च्या वेगाने तोच पल्ला गाठता येतो.

याची किंमत थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या ज्या गरम हवेत गोल फिरत ग्लायडर उंची मिळवतं तिथे, मोजावी लागते. वेग वाढला की तेवढ्याच कलाने घेतलेल्या वळणाची त्रिज्या दीडपट होते. थर्मल अरुंद असेल तर मधली जोरदार हवा हातची जाते. म्हणून थर्मल मंदावले की पाणी सोडून द्यायचं.

बंदीचं मूळ इथेच आहे. क्लब क्लासमध्ये पाणी चालत नाही. हा वर्ग जुन्या, परवडणाऱ्या ग्लायडरांसाठी आहे आणि प्रत्येक जातीला हँडिकॅपचा आकडा दिलेला असतो, म्हणजे कमी क्षमतेचं ग्लायडरही बरोबरीने लढू शकतं. आता, स्टँडर्ड सिरस या जातीच्या ग्लायडरला पाण्याच्या टाक्या असू शकतात. का-६ या लाकडी ग्लायडरला त्या नसतात. मग पाण्याचा फायदाही हँडिकॅपमध्ये धरा, असं लोक सुचवतात. पण तो किती धरायचा? जोरदार थर्मलच्या दिवशी पाणी भरपूर मिळवून देतं, मरगळलेल्या दिवशी काहीच नाही. रोज बदलणारा फायदा एका आकड्यात बसत नाही. भरलेल्या पंखांनी उडायला मला मनापासून आवडतं, तरीही क्लब क्लासमधली ही बंदी मला पूर्ण पटते.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. जड ग्लायडर ओढायला टोइंग विमानात जोर हवा, धावपट्टी लांब हवी. ती आखूड आणि मऊ गवताची असेल तर आयोजकांनी सरळ नाही म्हणावं.

एकदा मी उड्डाणाआधी पंखाचं टोक धरून उभी होते. दोन्ही पंखांत सारखं पाणी असलं की टोक बोटांवर अलगद राहतं. त्या दिवशी ते माझा तळहात सारखा खाली दाबत होतं. वाकून पाहिलं तर पलीकडच्या पंखाच्या झडपेतून धार लागलेली, खालचं गवत चिंब. धावेच्या सुरुवातीला वेग इतका कमी असतो की पंख सावरणारी एलेरॉन्स जवळजवळ निकामी असतात. जड पंख गवताला टेकला तर ग्लायडर दोरासकट गर्रकन फिरतं. मी ओरडून दोर सोडायला लावला. पायलटने दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन कोरड्या पंखांनी उड्डाण केलं.