गोल पॅच सपाट बसेपर्यंत

भरतकामाच्या मशीनवर शिवलेला पहिला पॅच फ्रेममध्ये होता तोवर देखणा होता. 75 मिलिमीटरचा गोल, आत दोन डोंगर, वर आभाळ, भोवती जाड किनार. फ्रेमचा स्क्रू सैल केला आणि कापड डोळ्यांदेखत आक्रसलं. किनारीबाहेर चुण्यांची झालर, मधला भाग वाटीसारखा खोलगट. मैत्रिणीच्या गिर्यारोहण गटासाठी असे 20 पॅच करून द्यायचे कबूल केले होते.

चुण्या म्हटलं की सगळे आधी टेन्शनकडे, म्हणजे दोऱ्याच्या ताणाकडे बोट दाखवतात. मीही वरच्या दोऱ्याचं टेन्शन उतरवत गेले. चुण्या होत्या तशाच राहिल्या, वर आता दोऱ्याचे फुगेही दिसू लागले. शेवटी एका तुकड्यावर सॅटिन टाक्याच्या, म्हणजे एकमेकांना लागून पडणाऱ्या टाक्यांच्या, नुसत्या उभ्या पट्ट्या शिवल्या आणि कापड उलटं केलं. मागे पट्टीच्या मधोमध बॉबिनचा पांढरा दोरा साधारण एकतृतीयांश रुंदीत दिसला, की ताण बरोबर असतो. मूळच्या सेटिंगवर तो अगदी तसाच दिसत होता. म्हणजे दोन दिवस मी नसलेलं दुखणं बरं करत होते. ही चाचणी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती.

मग फ्रेम लावताना स्वतःच्याच हातांकडे लक्ष दिलं. स्क्रू आवळल्यावर मी चारी बाजूंनी कापड ओढत होते. ते ढोलकीसारखं वाजलं पाहिजे, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण ओढलेल्या कापडावर टाके पडले की ते त्या ताणलेल्या अवस्थेतच जखडलं जातं. फ्रेममधून सुटल्यावर मोकळं कापड मूळ मापाला परत येतं, टाक्यांखालचं येऊ शकत नाही. या दोघांच्या भांडणातून चुणी उभी राहते. तिरकं, म्हणजे उरेब ओढलं तर आणखी वाईट, कारण त्या दिशेला विणलेलं कापड सर्वात जास्त ताणलं जातं. आता फ्रेम लावण्याआधी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना धरून पुसला जाणारा 5 सेंटिमीटरचा चौकोन काढते. फ्रेममध्ये तो फुगला किंवा तिरका झाला, की सरळ सोडून पुन्हा लावते. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळली आहे, त्यामुळे कापड न ओढताही घट्ट बसतं. फ्रेमही डिझाइन मावेल तेवढी लहानात लहान घेते.

झालर निम्मी झाली. वाटी मात्र राहिली.

कापडाखाली आधाराला लावलेला कागद, म्हणजे स्टॅबिलायझर, फाडून काढायच्या प्रकारातला होता. दाट भरावाखाली, म्हणजे टाक्यांनी भरलेल्या भागाखाली, सुई त्याला इतक्या वेळा भोसकते की काम अर्ध्यावर असतानाच तो तिकिटांच्या कडेसारखा सुटू लागतो, आणि मग सगळी ओढ एकट्या कापडावर येते. कापून काढायचं, न फाटणारं स्टॅबिलायझर आणलं, हलक्या चिकट स्प्रेने पॅचच्या ट्विल कापडाला मागून चिकटवलं आणि दोन्ही एकत्र फ्रेममध्ये धरले. पॅचच्या पोटात ते कायमचं राहिलं तरी काही बिघडत नाही. उलट पॅचला अंग येतं.

पण खरा गुन्हेगार डिझाइनमध्ये होता. मूळ डिझाइन 100 मिलिमीटरचं होतं, ते मी मशीनवरच 75 पर्यंत लहान केलं होतं. माझ्या मशीनवर असं केलं की टाक्यांची संख्या तीच राहते. हिशेब मांडला तेव्हा धस्स झालं: दोन्ही बाजू तीन चतुर्थांश, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम 56 टक्के. सगळे टाके जवळपास निम्म्या जागेत कोंबलेले. भरावाच्या ओळींमधलं अंतर 0.40 मिलिमीटरवरून 0.30 वर आलं होतं. 40 नंबरचा दोरा स्वतःच साधारण 0.4 मिलिमीटर जागा घेतो. दोऱ्याला जागा नसली की तो कापडाला बाजूला ढकलतो. मग कापडाने गोळा होण्यावाचून दुसरं काय करावं?

सॉफ्टवेअरमध्ये 75 मिलिमीटरसाठी टाके नव्याने बसवले. ओळींचं अंतर परत 0.40. डोंगरांखालून जाणारा आभाळाचा भराव काढला, फक्त कडेला दोन्ही थोडे एकमेकांवर येतील एवढाच ठेवला. नंतर तर आभाळ शिवलंच नाही. निळं ट्विल घेतलं आणि त्याचाच रंग आभाळ म्हणून वापरला. पॅच पूर्ण भरलाच पाहिजे हा हट्ट सोडावा असं मला मनापासून वाटतं. चांगल्या ट्विलची तिरकी वीण दिसायला सुंदर असते. उरलेल्या भरावाखाली विरळ अस्तर टाके घातले, वरच्या टाक्यांच्या काटकोनात, म्हणजे कापड आणि स्टॅबिलायझर आधीच एकमेकांना बांधले जातात. टाका आपल्या लांबीच्या दिशेने कापड आत ओढतो, म्हणून त्या दिशेला 0.3 मिलिमीटर वाढ दिली. क्रमही बदलला: आधी मधले डोंगर, मग बाहेरचं, किनार सर्वात शेवटी. पूर्वी किनार आधी होती, त्यामुळे आतलं सैल कापड निसटायला वाटच उरत नव्हती.

बाकी किरकोळ. नवी 75/11 ची सुई, वेग मिनिटाला 800 टाक्यांवरून 600. सॅटिनची किनार साडेतीन मिलिमीटर. शिवून झाल्यावर पाठीला इस्त्रीने चिकटणारी फिल्म लावते आणि मगच कापते, किनारीपासून जेमतेम एक मिलिमीटर बाहेर, लहान वाकड्या कात्रीने. फिल्म आधी लावली की कडेचे धागे सुटत नाहीत. कात्री स्थिर ठेवून पॅच फिरवावा, गोलाई छान येते.

नव्या फाइलचा पहिला पॅच टेबलाच्या काचेवर पालथा ठेवला आणि कडेला बोटाने दाबून पाहिलं. कुठेच हलला नाही. तरी एक कापडी पिशवीवर शिवून तीनदा धुतला, जाड टॉवेलवर उलटा ठेवून इस्त्री केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा काचेवर पाहिला. मग उरलेल्या कामाला बसले. चौदाव्या पॅचला घाईत फ्रेम लावल्यावर बोटांनी कापड पुन्हा ओढलं गेलं, आणि त्याच एकाची खालची कड उचलली गेली. तो ठेवून घेतला, मैत्रिणीला एकविसावा करून दिला.