सोसायटीच्या एसटीपीचा गाळ आणि मामाची चिकूची झाडं

कमिटीत गेलो ते पार्किंगचा वाद मिटवायला, पण गळ्यात पडला एसटीपी, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट. मुलुंडला आमची तीन विंगची सोसायटी, गाळ टँकरवाला उपसून न्यायचा, खेपेचे पैसे मोजून घ्यायचा आणि नेऊन टाकतोस कुठे विचारलं की नुसता हसायचा. म्हटलं आपणच खत करू, गार्डनला तरी होईल.

पहिला धडा म्हणजे गाळ हा गाळ नसतोच, पाणीच असतं. आमच्या टाकीतल्या 1000 लिटरमध्ये सुका माल जेमतेम 10 किलो. आधी गच्चीमागे वाळूचा बेड करून त्यावर ओतला, मे महिन्यात छान भेगा पडून सुकला आणि जुलैत मात्र तिथे पावसाचं डबकं. मग सेकंडहँड फिल्टर प्रेस घेतली, म्हणजे गाळ कापडात दाबून पाणी पिळून काढणारं मशीन. ती पण पहिले आठ दिवस काळं पाणीच थुंकत होती, कापड चोंदायचं, मी विकणाऱ्याला फोनवर शिव्या घालतोय आणि चूक आमचीच. पॉली, म्हणजे गाळाचे कण एकत्र गोळा करणारे पॉलिमरचे पांढरे दाणे, आम्ही सरळ टाकीत फेकत होतो. आमचे ऑपरेटर भाऊ म्हणाले, सर थांबा, आणि बादलीत पाणी घुसळत चिमटी चिमटीने दाणे सोडले, तासाभराने शेंबडासारखं चिकट झालं. ते गाळाच्या ग्लासात थोडं थोडं घालून हळूच ढवळलं तर दूध नासल्यासारख्या गुठळ्या आणि वर नितळ पाणी. मी हौसेने जोरात ढवळलं तर सगळ्या गुठळ्या फुटल्या 😅 दुसऱ्या दिवशी प्रेस उघडली तर प्लेटीवरनं केक, म्हणजे पाणी पिळून उरलेली गाळाची वडी, आपोआप सुटून खाली पडला. त्या 1000 लिटरचे 50 किलो, त्यातही सुका माल 10 किलोच, बाकी अजून पाणी!

पण केक म्हणजे खत नाही, जंतू आणि जंतांची अंडी त्यात जिवंतच असतात. ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करायचं तंत्र काढलंय, अहमदाबादला त्यावर दिवसाला 100 टनांचा प्लांट 2019 ला सुरू झाला, आमच्याकडे मात्र एक फावडं आणि एक लांब दांडीचा थर्मामीटर. केकात सुका पाला आणि नारळाचा भुसा मिसळून शेडखाली ढीग लावला, नियम असा की 15 दिवस आतलं तापमान 55 डिग्रीच्या वर आणि त्यात निदान 5 वेळा उलथापालथ. चौथ्या दिवशी काटा 61 वर, मी तर फोटो काढला. बी विंगमधल्या काकूंनी वासाची तक्रार लेखी दिली ती वेगळीच, खरं सांगायचं तर वास होताच, पाला कमी पडला होता.

दीड महिना मुरवून लॅबला पाठवलं. खतात किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 च्या आत लागतं, आमचं बसलं. जंतूंचा रिपोर्ट मात्र पहिल्यांदा नापास, ढिगाच्या कडा गार राहिल्या होत्या. कडा आत घेऊन परत 15 दिवस, मग पास.

चार गोणी डहाणूला मामाकडे नेल्या. गोणीत हात घालून हुंगत मामा म्हणाला, "अरे हे सोनखत! आमचे आजोबा घालायचे." मामीने मात्र भाजीच्या वाफ्याला हात लावू दिला नाही, सगळं चिकूच्या बुंध्यालाच गेलं. मामाने आणखी सहा गोण्या सांगितल्यात, टेम्पोचं भाडं कोणी द्यायचं यावर कमिटीत अजून चाललंय.