सायलेन्सर आणि गोठ्यातली तार
काल चोपड्याहून अमळनेरला येताना एका गतिरोधकावर गाडी खालून घासली आणि मागून डबा ओढत नेल्यासारखा आवाज सुरू झाला. वाकून पाहिलं, तर सायलेन्सरचं मागचं रबर तुटून तो एका बाजूला लोंबत होता. हळूहळू कसंबसं घर गाठलं.

आज रविवार, गॅरेज बंद. म्हटलं आपणच बघू. गाडी रात्रभर उभी होती, म्हणजे पाइप थंड. (गरम पाइपला हात लावायची हौस मी कॉलेजात असताना फेडून घेतलीय, खूण अजून मनगटावर आहे.) हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅक चढवला. एकट्या जॅकवर भरवसा नको म्हणून बाजूला स्टेपनी आडवी सरकवली आणि मग खाली शिरलो.

शेजारच्या आजी फाटकातूनच, "काय रे भो, गाडीखाले काय करी ऱ्हायना?"

धाकटा सुतळी घेऊन आला. ती जळून गेली असती, प्लास्टिकचा टाय वितळला असता. शेवटी गोठ्यातली लोखंडी तार दुहेरी करून हुकात ओवली आणि पक्कडीने पीळ दिला. फार ताणली नाही, कारण रबर धक्के गिळतं, तार नाही. तरी गाडी चालू केल्यावर सीटखाली बारीक घरघर आलीच. गाडी अंगणात मोकळ्यावर होती म्हणून बरं, बंद शेडमध्ये तो धूर जिवावर बेततो.

उद्या नवं रबर. म्हणे साबणाचं पाणी लावलं की हुकावर सरकन चढतं.

डोक्यात गंज पडलाय, दोनदा आंघोळ झाली.