आईचं ऑपरेशन

आज आईचं ऑपरेशन झालं. गेली नऊ वर्षं तिचं अंग बाहेर येत होतं आणि आम्हा तिघी मुलींपैकी एकीलाही तिने सांगितलं नाही. खोकला आला की मांड्या आवळून उभी राहायची. एसटीने कुठे जायचं म्हटलं की सकाळपासून पाण्याचा घोट नाही. मला वाटायचं, वयाने होत असेल. फार वाईट वाटतंय.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाळंतपणं आणि ओझी यांनी ओटीपोटाच्या तळाचा आधार सैल पडतो, मग गर्भाची पिशवी आणि मूत्राशय खाली उतरतं, हेच अंग बाहेर येणं. आईची पिशवी खालूनच काढली, पोटावर एक टाका नाही. मूत्राशयाखालची सैल बाजू आतून शिवून घेतली. तरुण बाईची पिशवी राखून वर टांगायची एक पद्धत गोव्याच्या डॉ. शिरोडकरांनी काढली, हेही आजच कळलं.

संध्याकाळी शुद्धीवर आली. लघवीची नळी चादरीखाली लपवत होती, आमच्यापासूनसुद्धा. तीन महिने कळशी उचलायची नाही म्हटल्यावर पहिला प्रश्न, "मग पाणी कोण भरणार गं?"

बायांनो, आज घरी आईला, सासूबाईंना, आत्याला एकदा स्पष्ट विचारा.