बाबांचं डिगॉक्सिन, पोटॅशियम आणि किडनी : माझा अनुभव

बाबांना हार्ट फेल्युअर (हृदयाची पंपिंगची ताकद कमी), त्यात एट्रियल फिब्रिलेशन (ठोके वेडेवाकडे पडणं), म्हणून डॉक्टरांनी डिगॉक्सिन चालू केलं. फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं जादा पाणी काढणारी गोळी, आधीपासून होतीच. मला वाटलेलं हृदयाची गोळी म्हणजे फार तर ईसीजी काढतील, पण त्यांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी थकली की हे वाढतं) आणि पोटॅशियम बघितलं. कारण हे औषध बरंचसं जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी चांगली असेल तर निम्मं औषध जायला साधारण दीड-दोन दिवस, किडनी पार थकलेली असेल तर चार-पाच दिवसही लागतात, म्हणजे गोळी तेवढीच पण आत साठत जाते. बाबांचं क्रिएटिनिन 1.8, त्यामुळे 0.125 मिग्रॅची गोळी, तीही एक दिवसाआड.

पोटॅशियमचं प्रकरण डोक्यात शिरायला मात्र वेळ लागला. पेशींवर सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो, डिगॉक्सिन त्यालाच जाऊन चिकटतं आणि पोटॅशियम भरपूर असेल तर ते त्याला नीट चिकटू देत नाही. फ्युरोसेमाइडने लघवीतून पोटॅशियम गेलं की डिगॉक्सिनला रान मोकळं, मग रक्तातली डिगॉक्सिनची लेव्हल ठीक दिसत असली तरी त्रास होऊ शकतो.

आणि झालंच तसं. बाबांना जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, भूक मेली, मळमळ सुरू झाली. आम्ही ते पोटाचंच धरून चाललो होतो, डॉक्टरांनी मात्र नाडीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. एरवी वेडीवाकडी चालणारी नाडी एकदम संथ आणि एकसारखी लागत होती, त्यांना तेच खटकलं. डिगॉक्सिन जास्त झालं की पिवळसर दिसू शकतं, म्हणून पिवळं दिसतंय का विचारलं तर बाबा म्हणाले, चष्म्याशिवाय मला तसंही काय दिसतंय! रिपोर्ट आले, क्रिएटिनिन वाढून 2.4, पोटॅशियम कमी, 3.1, डिगॉक्सिन जास्त, 2.2. गोळी बंद, अ‍ॅडमिट, मॉनिटर लावून पोटॅशियम अगदी हळू, कारण किडनी अडलेली असताना ते पटकन जास्तही होतं. (कमी सोडियमवालं मीठ याच कारणासाठी परस्पर चालू करू नये, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.)

लेव्हलचं रक्त गोळीनंतर निदान 6 तासांनी घ्यावं लागतं, नाहीतर आकडा उगाच फुगलेला येतो. लॅबवाला येणार सकाळी, बाबा गोळी घेणार सकाळी, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीवर नेली.

सध्या पोटॅशियम 4.3, लेव्हल 0.8. फ्युरोसेमाइडचा डोस नुकताच बदललाय, म्हणजे पुढच्या आठवड्यात परत सुई आलीच, बाबा आत्तापासूनच कुरकुरतायत.