तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कृमीला अजून नाव का नाही

लग्नकार्यात, स्टाफरूममध्ये, कॉलेज रोडवर भाजी घेताना, कुठेही गाठून विचारतात: ‘समुद्रातला तो नवा जंत जाहीर कधी करणार?’ निफाडच्या मामांनी तर सुनावलंच, ‘आमच्या द्राक्षाच्या मुळ्यांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीला नाव आहे, मग तुझ्यालाच का नाही?’

मामा, तुमच्या बागेत एक मुळी उपटली की अंडी, पिल्लं, माद्या हव्या तेवढ्या मिळतात. माझ्याकडे हिंदी महासागराच्या तळाच्या गाळातून आलेला एक नर आहे, काही मिलिमीटरचा, ग्लिसरीनमध्ये बसवलेला. गाळ उपसायच्या त्याच नळीत एक खंडयुक्त कृमी, म्हणजे गांडुळासारखा वळ्यांच्या अंगाचा, होता आणि त्याच्या पोटाच्या पोकळीत एक पिल्लू. एवढाच ऐवज.

बेंथिमर्मिथिड कुळातले हे कृमी लहानपणी दुसऱ्या प्राण्याच्या अंगात वाढतात. वयात आले की बाहेर पडून गाळात राहतात आणि मग काही खात नाहीत, साठवलेल्यावरच जगतात. त्यामुळे पिल्लू कुणाचं, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. प्रौढाची जी लक्षणं मोजून जात ठरवतात, ती पिल्लात तयारच झालेली नसतात. उरतो डीएनए. पिल्लू अल्कोहोलमध्ये होतं, त्याचा डीएनए निघाला. नर फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला. फॉर्मॅलिन आकार छान राखतं, पण डीएनएचे तुकडे पाडतं. जुळवायचं कशाशी?

आता त्या संध्याकाळचं सांगते, कारण मला हट्टी म्हणतात ते तिच्यामुळेच. लेख तयार होता. त्यात नर आणि पिल्लू एकाच जातीचे धरले होते. म्हणजे नवी जात आणि तिचा यजमान (ज्याच्या अंगात ती वाढते तो प्राणी), दोन्ही एकाच लेखात. फोनवर आमचे ज्येष्ठ सर होते आणि माझी विद्यार्थिनी. सर म्हणाले, ‘एकाच नळीतून आलेत. आणखी काय पुरावा हवा तुला?’ मी म्हटलं, ‘सर, एका वाड्यात राहणारे सगळे एकाच घरचे नसतात.’ ते म्हणाले, ‘तू खात्री करत बसशील आणि नाव दुसराच देऊन जाईल.’ विद्यार्थिनी एक शब्द बोलली नाही. तिची फेलोशिप संपत आली होती. हा लेख तिचा पहिला आणि सगळ्यात मोठा ठरला असता. हे मला माहीत होतं, आणि तरीही मी म्हणाले की माझं नाव काढा, नाहीतर यजमानाचा दावा काढा. दोन्हींपैकी काहीच झालं नाही. लेख न छापता तसाच पडून राहिला. तिने प्रबंध त्याच्याविना दिला आणि आता ती सातपूरच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. मला भेटते, नीट बोलते. त्या फोनबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

तिचं नुकसान झालं, हे मी नाकारत नाही. पण चुकीचा यजमान एकदा छापला की पुढचा प्रत्येक जण तोच उचलतो.

इथे माझी तिशीतली मीच माझ्याशी भांडायला येते. ती म्हणते, यजमान सोड, नराला तरी नाव दे. प्राणिनामकरणाचे नियम एका नमुन्यावरून जात वर्णायची मुभा देतात. आणि थांबायला वेळ कुठे आहे? समुद्रतळावर बहुधातुक गोटे पडलेले असतात, धातूंसाठी ते उद्या उपसले जातील; मध्य हिंदी महासागरात त्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटर तळ आहे. प्रशांत महासागरातल्या अशाच गोट्यांच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात नोंदलेल्या ५,५७८ जातींपैकी सुमारे नव्वद टक्के जातींना नावच नाही, हे २०२३ साली मोजून छापलं गेलं. ज्याला नाव नाही, ते गेलं तरी कोणाच्या यादीतून कमी होणार?

तिला खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हणते की एका नराच्या मापांवरून जातीची हद्द आखली, तर उद्या थोडा लांब, थोडा जाड नर सापडला की त्याला वेगळी जात म्हणायचं की हीच? मादी कशी दिसते, तेही ठाऊक नाही. ती म्हणते, ते पुढचे लोक बघतील. मी म्हणते, पुढचे म्हणजे कोण? या कामाला माणसं आधीच थोडी, त्यातली एक तर माझ्यामुळेच गेली.

नराच्या एकट्याच्या वर्णनाचा मसुदा, चित्रांसकट, तयार आहे. आठवड्यातून एकदा तरी उघडते. कधी वाटतं आजच पाठवावा. मग मादीचा रकाना रिकामा दिसतो आणि मी तो मिटते.