बापाचा आलेख, मुलाचा आलेख

“मला ऐकू येतंय की, मॅडम. ही माणसंच पुटपुटत्यात.” इचलकरंजीत यंत्रमागावर उभा जन्म काढलेले मामा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. सोबत चोविशीतला मुलगा होता. रात्रपाळी उरकून तसाच आलेला, केसांत कापसाची तुसं. “आबांना सगळं तीनदा सांगावं लागतं,” तो म्हणाला, “आणि मोठ्यानं सांगितलं तर म्हणतात, ओरडतोस कशाला.”

मी श्रवणतज्ज्ञ, ऐकणं तपासते. तपासणीआधीच मला अर्धं उत्तर मिळालं होतं. हळू बोललेलं पोचत नाही आणि मोठा आवाज सोसत नाही, हे आतल्या कानाच्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण. कानात नळी लावून पाहिलं तर लसणाच्या तेलाचा चिकट थर. रात्री कानात शिट्टी वाजते म्हणून कुणीतरी सुचवलेला उपाय. तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं. बिघाड पडद्यापलीकडे, आत असतो. पडद्याला भोक असेल तर हेच तेल आत जाऊन उलट त्रास देतं. कान-नाक-घसा डॉक्टरांकडून कान साफ करून घेतले आणि मग मामांना आवाजबंद खोलीत बसवलं.

त्याआधी एक साधी गोष्ट करून पाहिली. समोर बसून मी नेहमीच्या आवाजात काही शब्द म्हटले, त्यांनी सगळे बरोबर सांगितले. मग फाईल तोंडासमोर धरली आणि तेच शब्द त्याच आवाजात पुन्हा म्हटले. ‘साठ’चं ‘आठ’ झालं, ‘खत’चं ‘सात’. मुलगा चमकलाच. मागांच्या खडखडाटात माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचे ओठ आणि हात बघून बोलतात. मामा कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकत होते. म्हणून त्यांना स्वतःला काही कमी वाटत नव्हतं आणि पाठमोऱ्या बायकोचं बोलणं मात्र पुटपुटणं वाटत होतं.

आलेखही तेच सांगत होता. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, डेसिबल म्हणजे मोठेपणा. आवाज किती चढवल्यावर ऐकू येतो ते रेषा दाखवते, म्हणून आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी. जाड, खालच्या पट्टीचे आवाज जवळजवळ ठीक. तिथून रेषा घसरत 4000 हर्ट्झला 75 डेसिबलपर्यंत खाली, आणि 8000 ला थोडी वर. हा खड्डा गोंगाटाची खूण. स्वरांचा जाडपणा खालच्या पट्टीत असतो, पण स, श, फ, ख यांची धार वरच्या पट्टीत. धार गेली की बोलणं ऐकू येतं, कळत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे 15 हजार केसपेशी जन्मतः मिळतात. गेलेल्या पुन्हा उगवत नाहीत.

अहवाल मुलाला समजावताना माझं लक्ष त्याच्या गळ्यातल्या इअरफोनकडे गेलं. “मागावर गाणी लावतो,” तो म्हणाला. खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून आवाज पूर्ण चढवून. मी त्यालाही आत बसवलं. तो नको म्हणत होता, आबांसाठी आलोय म्हणून.

4000 हर्ट्झला 45 डेसिबल, दोन्ही कानांत. बाकी सगळीकडे कान उत्तम. बापाच्या आलेखाची सुरुवात मुलाच्या कागदावर उमटली होती. मला त्या वेळी खरंच वाईट वाटलं, कारण या पोराला कसलीच तक्रार नव्हती. या टप्प्यावर ती नसतेच.

पण तो पाळीवरून थेट आला होता. थकलेला कान तात्पुरता खाली जातो, त्यामुळे तपासणीआधी किमान 14 तास गोंगाटापासून लांब राहावं लागतं. सुट्टीनंतर पुन्हा बोलावलं. या वेळी 30. म्हणजे 15 परत मिळाले. उरलेलं परत येईल असं मी त्याला सांगू शकले नाही.

मागांच्या शेडमध्ये आवाज 95 ते 100 डेसिबलच्या आसपास असतो. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी 90 ची मर्यादा आहे. अमेरिकेची NIOSH ही कामगार-आरोग्य संस्था आठ तासांसाठी 85 चीच मर्यादा सुचवते, आणि वरच्या दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्या हिशोबाने 100 ला 15 मिनिटंच उरतात. इथं पाळी बारा तासांची. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने नोंद करायच्या आजारांमध्ये आहे, म्हणून मी अहवालात कामाचा प्रकार आणि वर्षं न चुकता लिहिते. छोट्या शेडमधल्या कामगाराचं नाव मुळात हजेरीवरच नसतं, तिथं हा कागद किती कामाला येतो हा प्रश्न मला सतावतो.

मामांना दोन्ही कानांना श्रवणयंत्रं दिली. पहिल्याच दिवशी भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून ते वैतागले. यंत्र जुळवून घ्यायला, मेंदूलाही सवय व्हायला काही आठवडे जातात. घरच्यांना सांगितलं, समोर येऊन बोला, सावकाश बोला, ओरडू नका. आणि मामांना बजावलं, शेडमध्ये यंत्र घालायचं नाही. तिथं बोळेच.

बोळे म्हणजे फोमचे. कापसाच्या बोळ्याने गोंगाट फारसा अडत नाही. मी मुलाकडून तिथंच घालून घेतले: बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. पहिल्यांदा त्याने अर्धाच घातला. तसा घातला तर निम्मा फायदाही मिळत नाही.

“पण मागाचं कळायचं कसं?” मामा म्हणाले. “धोटा नीट पळतोय का, ते कानानंच कळतं.” धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा भाग. प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, बोळ्याने सगळेच आवाज खाली येतात, ठोक्यातला फरक बहुधा कळत राहतो. पण चार पाळ्या घालून बघू दे त्याला.

पुढच्या खेपेला तोच बोलला. पहिले दोन दिवस चुकल्या-चुकल्यासारखं झालं, मग धोट्याचा ठोका ओळखू यायला लागला. इअरफोन बंद केलेत. “आणि धागा तुटलेला तर, मॅडम, आधीपण डोळ्यांनीच बघत होतो.”